देवाचे दार आणि आपला उंबरठा

प्रतापगड हे नाव उच्चारले की सर्वसामान्य मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जावळीच्या रानातील तो विख्यात दुर्ग उभा राहतो. १६५९ साली जेथे अफझलखानाचा वध झाला, तो गड. आम्ही ज्या प्रतापगडाविषयी लिहीत आहोत तो हा नव्हे. आमचा प्रतापगड महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेल्या आणि १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडणाऱ्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, झाडीने वेढलेल्या डोंगरावर आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत त्यास स्थान नाही. जुन्या किल्ल्याचे अवशेष, महादेवाचे स्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा, एवढेच त्याचे वैभव. परंतु महाशिवरात्र जवळ आली की झाडीपट्टीतील वाटा त्याच्याकडे वळू लागतात. महादेवाच्या दर्शनास आलेला हिंदू दर्ग्यासमोरही हात जोडतो, दर्ग्यास आलेला मुसलमान यात्रेच्या गर्दीत मिसळून जातो, आणि दोघांची धूळ एकच असते.

ह्या यात्रेची एक आठवण सांगून मुख्य विषयाकडे वळण्याची अनुज्ञा आमच्या वाचकांनी द्यावी. आमच्या बालपणी यात्रेस बैलगाडीने जावे लागे. गाडीपुढे कंदील आणि त्रिशूळ घेऊन एक वृद्ध गृहस्थ चालत. ते आमच्या घरच्या शेतावर कामास होते. आम्ही मुले त्यांस एकेरी नावाने हाक मारीत असू. आज लिहिताना आदरार्थी बहुवचन वापरतो, ही सुधारणा फार उशिराची आहे याची जाणीव आम्हांस आहे. डोंगराच्या पायथ्याशी ते त्रिशूळ जमिनीत रोवीत, आणि घरातील थोर मंडळींसह आम्ही सर्व त्यास हात लावून नमस्कार करीत असू. त्या वेळी कोणी कोणाची जात विचारीत नसे.

यात्रेहून परतताना गाव येई. ऊन तापलेले असे, सर्वांस तहान लागलेली असे. आम्ही विहिरीच्या काठावर बसून पाणी पीत असू. ते गृहस्थ मात्र चार पावले दूर उभे राहून ओंजळ धरीत आणि कोणी तरी वरून पाणी ओती. ज्यांच्या हातातील त्रिशूळ आम्हांस पूज्य होता, त्यांच्या हाताचा स्पर्श आमच्या विहिरीस चालत नव्हता. स्वातंत्र्य मिळून काही वर्षे लोटली होती. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली होती आणि तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे घोषित केले होते. ती घोषणा आमच्या विहिरीपर्यंत पोहोचली नव्हती. आम्हां मुलांस त्यात काही वावगे वाटले नाही, हे सांगताना आज लाज वाटते.

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे काही बंधुभगिनी विचारतील. स्मरणिकेत मंडळाच्या स्थापनेचा वृत्तान्त असावा, देणगीदारांची नावे असावीत, परीक्षांत यशस्वी झालेल्या मुलामुलींचे कौतुक असावे, हे सर्व योग्यच होय. परंतु ज्ञातीचा इतिहास म्हणजे केवळ तिने केलेल्या गोष्टींची यादी नव्हे. जे करावयास हवे होते आणि केले नाही, तेही इतिहासातच जमा होते. आपली ज्ञाती शेतकऱ्यांची. गावगाड्यात ती सर्वांत वर कधी नव्हती, सर्वांत खालीही नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यावर आपली सत्ता नव्हती, पण देवळाचे दार आपणांस उघडे होते. ज्यांस ते बंद होते त्यांनी ते उघडावे म्हणून काय केले, आणि त्या वेळी आपल्यासारखे लोक कोठे उभे होते, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचे मूळ संतांच्या काळापर्यंत जाते. चोखोबांचे जन्मस्थान विदर्भातील देऊळगाव राजाजवळील मेहुणा राजा हे असल्याचे परंपरा सांगते. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्यांचा अंत झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या, असेही परंपरेने सांगितले आहे. त्यांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. शेकडो वर्षे वारकरी त्या समाधीस वंदन करून आत गेले. चोखोबांचे अभंग आत गायिले जात, आणि चोखोबांच्या ज्ञातीचे लोक मात्र दाराबाहेरूनच कळसास हात जोडून परतत. संतास वंदन आणि त्याच्या वंशजांस मज्जाव, ही विसंगती आपल्या भाविकपणात इतकी मुरून गेली होती की ती कोणास खटकतही नव्हती.

ती खटकू लागली विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, आणि प्रथम पाण्याच्या काठी. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असल्याचे मान्य केले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेस जमलेल्या लोकांसह शांतपणे तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याचे पाणी घागरींनी उपसून, पंचगव्य घालून ‘शुद्ध’ करण्यात आले. कोर्टातील वाद दहा वर्षे चालला आणि १९३७ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. एका ओंजळीस दहा वर्षे लागली.

त्याच १९२७ सालच्या नोव्हेंबरात आपल्या विदर्भातील अमरावतीस परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते आणि प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळण्याचा. येथे एक गोष्ट आम्ही विशेष आग्रहाने नमूद करतो. ह्या चळवळीस ज्या सवर्ण पुढाऱ्यांनी पाठिंबा दिला त्यांत डॉ. पंजाबराव देशमुख हे प्रमुख होते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, विलायतेत शिकून आलेला तो तरुण अंबादेवीच्या दारी अस्पृश्यांच्या बाजूने उभा राहिला. आपल्यासारख्या ज्ञातींस त्या काळी दुसरा मार्ग ठाऊकच नव्हता, असे म्हणण्याची सोय पंजाबरावांनी आपणांस ठेवलेली नाही.

दुसरे उदाहरण वर्ध्याचे. तेथील लक्ष्मीनारायणाचे मंदिर जमनालाल बजाज यांच्या घराण्याचे. जमनालालजींनी ते १९२८ च्या जुलै महिन्यात अस्पृश्यांस खुले केले. विरोध झाला, बहिष्काराच्या धमक्या आल्या, पण आकाश कोसळले नाही. ज्याच्या हाती किल्ली होती त्यानेच दार उघडले, असा हा विरळा प्रसंग होय. तो वर्ध्यास घडू शकला, म्हणजे अन्यत्रही घडू शकला असता. पुढचा सारा इतिहास ह्या एका वाक्याच्या उजेडात वाचला पाहिजे.

आता नाशिक. पंचवटीतील काळाराम मंदिर पेशव्यांचे सरदार ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात बांधविले. त्यास चार दिशांस चार दरवाजे आहेत. रविवार, २ मार्च १९३० रोजी दुपारी नाशिकच्या रस्त्यांवरून सुमारे पंधरा हजार स्त्रीपुरुषांची मिरवणूक निघाली. चार चार जणांच्या रांगा होत्या आणि मिरवणूक जवळजवळ मैलभर लांब होती. शेतमजूर, गिरणी कामगार, गावकामगार, पलटणीतून निवृत्त झालेले शिपाई असे साधे लोक त्यात होते. मुखाने ते रामाचा जयघोष करीत होते. मंदिरापाशी पोहोचले तेव्हा चारही दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा भरली. दुसऱ्या दिवशी, ३ मार्च रोजी, १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी चार दरवाजांपाशी जाऊन बसली.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. गांधीजींची दांडीयात्रा साबरमतीहून निघाली ती १२ मार्च १९३० रोजी. म्हणजे मिठासाठी सरकारच्या दारी सत्याग्रह सुरू होण्यापूर्वी दहा दिवस नाशिकास रामासाठी आपल्याच देशबांधवांच्या दारी सत्याग्रह सुरू झाला होता. मिठाच्या सत्याग्रहाचे धडे आपल्या मुलांनी शाळेत गिरविले. नाशिकच्या सत्याग्रहास फार तर एखादी ओळ मिळाली. परक्याच्या अन्यायाची आठवण ठेवणे सोपे असते. घरच्या अन्यायाची आठवण आपण मुलांस सांगत नाही.

ह्या सत्याग्रहाचे दैनंदिन ओझे वाहिले ते भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा हा पुरुष तेव्हा तिशीच्याही आत होता. अमृतराव रणखांबे आदी सहकारी त्यांच्यासमवेत होते. रोज नवी तुकडी दरवाजाशी बसे, नामस्मरण चाले, अटक झाली की दुसरी तुकडी पुढे येई. कोणी दगड मारला तर उलट दगड मारावयाचा नाही, ही शिस्त होती. मंदिराचे चालक अस्पृश्यांस आत घेण्यास तयार नव्हते, म्हणून त्यांनी दरवाजेच बंद ठेवले. परिणाम असा की ज्यांस आत जाण्याचा अधिकार होता असे मानले जाई, त्यांसही रामाचे दर्शन दुर्लभ झाले. इतरांस देव मिळू नये म्हणून स्वतःही देवास मुकावे, इतका हा हट्ट विकोपास गेला.

९ एप्रिल १९३० हा चैत्रातील रथोत्सवाचा दिवस. दोन्ही पक्षांच्या लोकांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड झाली होती. प्रत्यक्षात सत्याग्रही रथास हात लावण्यापूर्वीच तो पळविण्यात आला आणि दगडांचा वर्षाव सुरू झाला. पोलिसांचे कडे भेदून पुढे गेलेला भास्कर कद्रेकर नावाचा तरुण रक्तबंबाळ होऊन कोसळला. डॉ. आंबेडकरांस सहकाऱ्यांनी छत्री धरून वाचविले. ह्यानंतर नाशिक जिल्ह्यातील अनेक गावांत अस्पृश्यांची कोंडी झाली. दुकानदारांनी माल देणे बंद केले, शाळांतून मुलांस काढण्यात आले. तरीही सत्याग्रह एक वर्ष नव्हे, दोन वर्षे नव्हे, पाचव्या वर्षापर्यंत मधूनमधून चालूच राहिला.

ही माणसे काय मागत होती? जमीन नव्हे, नोकरी नव्हे, धनही नव्हे. ज्या रामास तुम्ही भजता त्यास आम्हीही भजतो, एवढेच ती सांगत होती. चाळीस-पन्नास कोस पायी चालून, भाकरी बांधून आणून, दगड सोसून ती दाराशी बसली होती. श्रद्धेचा ह्याहून मोठा पुरावा कोणत्या भक्ताने दिला असेल? आणि त्या काळात नाशिकच्या आसपासच्या खेड्यांतील बहुसंख्य शेतकरी समाज, म्हणजे तुमच्याआमच्यासारखे लोक, काय करीत होते? थोडे विरोधात उतरले. त्याहून थोडे पाठिंब्यास आले. उरलेले सर्व काठावर उभे राहून पाहत होते. काठावर उभा असलेला मनुष्य आपण तटस्थ आहोत असे समजतो. दाराशी बसलेल्यास मात्र तो दाराच्या आतल्या बाजूचाच दिसतो.

अखेर १९३४ च्या मार्च महिन्यात डॉ. आंबेडकरांनी गायकवाडांस कळविले की मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह आता थांबवावा आणि समाजाने आपले सामर्थ्य शिक्षण व राजकारण ह्यांकडे वळवावे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी हिंदू धर्म सोडण्याचा आपला निश्चय जाहीर केला. दार ठोठावणारा हात थकून खाली आला नव्हता. त्या हाताने दुसरी वाट धरली होती. ह्या घटनेस ‘सत्याग्रह फसला’ असे म्हणण्याची प्रथा आहे. आमच्या मते फसली ती आतल्या बाजूस असलेल्यांची परीक्षा. पाच वर्षे संधी होती आणि आपण ती दवडली.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नव्हता. त्रावणकोरातील वैकोम येथे मंदिराभोवतीचे रस्ते खुले व्हावेत म्हणून १९२४ साली सत्याग्रह झाला, आणि १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्या संस्थानच्या महाराजांनी आपली सर्व मंदिरे खुली केल्याचे जाहीर केले. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात, बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागे म्हणून, डिसेंबर १९५५ पासून तेथील काळ्या नागरिकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. रात्री ते चर्चमध्ये जमत, प्रार्थना करीत, आणि सकाळी पायी कामास जात. मोलकरणी, मजूर, शिक्षक असे साधे लोकच तेथेही होते. शस्त्राशिवाय लढणाऱ्यास धीर कोठून मिळतो, ह्या प्रश्नाचे उत्तर नाशिक आणि माँटगोमेरी ह्यांनी एकच दिले आहे. ज्या देवाच्या नावाने आपणांस दूर ठेवले जाते, तो देव आपल्या बाजूस आहे असा त्या लोकांचा विश्वास होता.

नाशिकनंतर पंढरपूर. साने गुरुजी मूळचे कोकणातील पालगडचे, पण अंमळनेरच्या शाळेतील शिक्षक म्हणून आणि खानदेशातील कार्यकर्ते म्हणून महाराष्ट्रास परिचित. देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर आहे आणि विठ्ठलाचे दार अजून बंदच आहे, हे त्यांस सहन होईना. प्राणांतिक उपोषणाचा त्यांचा निश्चय होता. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी तो काही महिने पुढे ढकलला आणि त्या अवधीत महाराष्ट्रभर दौरा काढला. गावोगाव सभा झाल्या, सेवादलाच्या कलापथकांनी गाणी गायिली, लोकांनी सह्या दिल्या, कित्येक गावांनी आपली देवळे आणि विहिरी खुल्या केल्या. ह्या वेळी प्रथमच आपल्यासारख्या ज्ञातींतील बरीच माणसे काठावरून पाण्यात उतरली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. खुद्द गांधीजींनी ते सोडावे असे कळविले, तेव्हाही गुरुजी विनयाने पण निश्चयाने आपल्या मतावर राहिले. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली आणि मंदिराच्या बडव्यांनी अनुकूलता दर्शविल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि आपण ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात तेव्हा मोडत होतो तेथेही १९४७ सालीच तसा कायदा झाला. विठ्ठलाचे दार उघडले, ही महाराष्ट्राच्या इतिहासातील मोठी मंगल घटना होय. परंतु नाशिकच्या दाराशी पहिली तुकडी बसली त्याला तोवर सतरा वर्षे झाली होती. दार उघडले तेव्हा ज्यांनी ते प्रथम ठोठावले होते त्यांतील बहुतेकांनी पाठ फिरविली होती.

ह्यानंतरचा इतिहास आपल्या अंगणातील आहे. १९५४ साली भंडारा मतदारसंघातील लोकसभेच्या पोटनिवडणुकीस डॉ. आंबेडकर उभे राहिले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आपल्या दारी मत मागावयास आला होता. ते पराभूत झाले. कोणी कोणास मत दिले हे गुप्त असते, आणि त्याची चौकशी आम्ही करीत नाही. तथापि दाराशी आलेल्या थोर पुरुषास आपल्या भागाने परत पाठविले, एवढे इतिहासात नोंदले गेले आहे.

दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बाबासाहेबांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. १६ ऑक्टोबरास चांद्यास पुन्हा तसाच सोहळा झाला. आमच्या भागातूनही लोक पायी, गाडीने, रेल्वेने गेले. कोठे दगड फेकला गेला नाही, कोणाच्या देवळास धक्का लागला नाही. इतक्या मोठ्या लोकसमुदायाने इतक्या शांतपणे केलेला इतका मोठा निषेध जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्यापुढच्या महाशिवरात्रीस आमची गाडी प्रतापगडास निघाली तेव्हा पुढे चालणारे ते वृद्ध गृहस्थ आले नाहीत. त्यांच्या घरच्या सर्वांनी नागपुरास दीक्षा घेतली होती. आम्ही मुलांनी विचारले, तेव्हा घरातील कोणी तरी म्हणाले, “त्यांनी देव सोडला.” त्या वर्षी कंदील आमच्याच घरातील एका गड्याने धरला, आणि त्रिशूळ गाडीत आडवा ठेवला होता.

“त्यांनी देव सोडला” हे वाक्य आम्ही पुढे कित्येक वर्षे खरे मानीत होतो. महाड, अमरावती, नाशिक ह्यांचा इतिहास वाचल्यावर त्याचा खोटेपणा ध्यानात आला. त्यांनी देव सोडला नव्हता. ते देवाच्या दाराशी पाच वर्षे बसले, आणि आपण दार उघडले नाही. डोंगरावर त्यांचा त्रिशूळ आपणांस चालला, गावात त्यांची ओंजळ चालली नाही. प्रतापगडावर दारच नव्हते म्हणून आपण आपणांस उदार समजत राहिलो. खरे दार आपल्या विहिरीच्या काठावर होते.

तेच दादासाहेब गायकवाड पुढे १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेते झाले आणि हजारो लोक शांतपणे तुरुंगात गेले, हे सांगितल्यावाचून नाशिकचा वृत्तान्त पुरा होत नाही. दाराशी बसण्याची ती शिस्त वाया गेली नाही. तिचा उपयोग इतरांसही झाला. १९५६ साली मुंबई राज्याने सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेश देण्याविषयी जो कायदा केला, त्याचाच आधार साठ वर्षांनी स्त्रियांच्या प्रश्नात उपयोगी पडला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर जाण्यासाठी स्त्रियांनी २०१६ च्या जानेवारीत मोर्चा काढला. मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी त्यांच्या बाजूने मत दिले आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा स्त्रियांस खुला झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात मुंबईच्या हाजीअली दर्ग्याच्या मझारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्कही न्यायालयाने मान्य केला. आज आपल्या ज्ञातीच्या मुली ज्या निर्भयपणे देवळात जातात, त्या निर्भयपणाच्या मुळाशी नाशिकच्या दरवाजात बसलेल्या त्या पंचवीस स्त्रियाही आहेत. ज्यांस आपण आत येऊ दिले नाही त्यांनीच आपल्या लेकींसाठी वाट करून ठेवली.

बंधुभगिनींनो, पूर्वजांस दोष देऊन आपण मोकळे व्हावे, हा ह्या लेखाचा हेतू नव्हे. ते त्यांच्या काळाचे होते. प्रेमळ होते, कष्टाळू होते, भाविक होते. पण त्याच काळात पंजाबराव होते, जमनालालजी होते, गावोगाव सह्या देणारे अनाम शेतकरी होते. म्हणून काळावर सर्व भार टाकता येत नाही. अन्याय घडत असता शांतपणे दाराशी बसणाऱ्यांची बाजू घेण्यास धैर्य लागते. आणि ते धैर्य विद्वत्तेने किंवा संपत्तीने येत नाही, हे नाशिकच्या त्या साध्या माणसांनी दाखविले आहे. आपल्या गावात आजही एखादे दार बंद असेल. ते देवळाचे असेल, समाजमंदिराचे असेल, स्मशानाचे असेल, भाड्याने देण्याच्या खोलीचे असेल किंवा सोयरिकीच्या बैठकीचे असेल. ते ठोठावणारा हात थकून दुसऱ्या वाटेस लागण्यापूर्वी आपण आतून कडी काढावी, एवढाच ह्या इतिहासाचा आपणांस उपदेश आहे.

शेवटी एक नम्र सूचना. आपल्या घरांतील ऐंशी-नव्वद वर्षांच्या वृद्धांस गावच्या विहिरीविषयी विचारावे. कोण कोठे उभे राहत असे, पाणी कोण ओतीत असे, विहीर सर्वांस केव्हा खुली झाली आणि कोणामुळे, हे त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे. ज्या घराने आपली विहीर आधी खुली केली असेल त्याचे नाव पुढील स्मरणिकेत देणगीदारांच्याही आधी छापले जावे. ज्या घरांनी उशीर केला त्यांनीही तसे प्रांजळपणे लिहावे; त्यात कमीपणा नाही. आमच्या घरची विहीर उशिरा खुली झाली. यादीची सुरुवात आम्ही तेथूनच करीत आहोत.